‘व्हर्नाक्युलर’ : एका विशेषणाची कुळकथा

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त बेंगळुरू येथील महादेवपुरा परिसरात झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय एक शब्द आहे आणि तोही इंग्रजी. मराठी माध्यमाच्या शाळेच्या मेळाव्यात, मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या बाईने इंग्रजी शब्दावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु हा शब्द असा आहे, की गेली पावणेदोनशे वर्षे तो आपल्या शाळांच्या दारावर पाटीसारखा टांगलेला आहे. ती पाटी आपण कधी उतरवून, पुसून, नीट वाचलेली नाही. ‘व्हर्नाक्युलर’ हा तो शब्द. मुलाखतीला गेलेल्या आपल्या मुलामुलींना विचारतात, “तुमचे शिक्षण व्हर्नाक्युलर मीडियममधून झाले का?” प्रश्न साधा असतो, पण तो ऐकताना मान किंचित खाली जाते. ती का जाते, याचे उत्तर त्या शब्दाच्या पोटातच आहे का, ते आज पाहू.

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘व्हेर्ना’ म्हणजे धन्याच्या घरातच जन्मलेला गुलाम. रोममध्ये गुलाम बाजारातून विकत घेतले जात, युद्धात पकडून आणले जात. पण दासीच्या पोटी जो घरातच जन्मला, तो ‘व्हेर्ना’. हा मूळ शब्द रोमनांनी त्यांच्या शेजारच्या एट्रुस्कन लोकांकडून घेतला असावा, असे काही भाषाशास्त्रज्ञांना वाटते. त्यावरून ‘व्हेर्नाक्युलुस’ हे विशेषण तयार झाले. हा भाग कित्येकांना माहीत असतो आणि तेथेच ते थांबतात. “पाहा, आपल्या भाषेला गुलामाची भाषा म्हटले आहे,” असे म्हणून सभेत टाळ्या मिळवता येतात. मला तो मोह नाही, कारण शब्दाची गोष्ट तेथे संपत नाही.

रोमनांच्या स्वतःच्या लिखाणात हे विशेषण बहुधा निंदेचे नव्हते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील व्हारो या पंडिताने लॅटिन भाषेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात माशांच्या आणि जलचरांच्या नावांची चर्चा करताना तो सांगतो की काही नावे परकी आहेत, ग्रीकांकडून आलेली, आणि काही ‘व्हेर्नाक्युला’, म्हणजे आपल्या घरची. सिसेरोने तर रोम शहराच्या खास विनोदाला, त्याच्या खास चवीला हे विशेषण लावले आहे. आपण एखाद्याच्या बोलण्याला अस्सल कोल्हापुरी म्हणतो तसे. म्हणजे गुलामाच्या जन्मापासून निघालेला शब्द घरचा, अस्सल, आपला या अर्थाला येऊन पोचला होता. शब्दांचे असेच असते. त्यांचे मूळ कळल्याने त्यांचा आजचा स्वभाव कळतोच असे नाही. ‘महाराज’ हा शब्द सिंहासनावरून स्वयंपाकघरात आला, त्यात शब्दाचा काय दोष?

इंग्रजीत हे विशेषण सतराव्या शतकाच्या आरंभी रुळले, आणि आपण विसरतो ती गोष्ट ही, की ते प्रथम इंग्रजीलाच लागले. त्या काळच्या युरोपात विद्येची भाषा लॅटिन होती. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन या सगळ्या ‘व्हर्नाक्युलर’. इंग्लंडातल्या न्यायालयांत तर फ्रेंच चालत असे. १३६२ मध्ये न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडावी असा कायदा झाला, आणि तो कायदाच फ्रेंच भाषेत लिहिला गेला! इटलीत डांटेने लोकभाषेचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला तो लॅटिनमध्ये. विद्वानांना पटवायचे तर विद्वानांच्या भाषेतच बोलावे लागते. आज मराठी शाळा वाचवा म्हणून इंग्रजीत लेख लिहिणाऱ्यांना हसण्यापूर्वी मला डांटे आठवतो.

मला विशेष ममत्व वाटते ते रिचर्ड मल्कास्टर या गृहस्थांबद्दल. लंडनच्या मर्चंट टेलर्स या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. १५८२ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात असा प्रश्न केला, की सगळी विद्या आम्ही आमच्या इंग्रजीतच का ठेवू नये? लॅटिनचा त्यांना अनादर नव्हता. ते ती शिकवीतच होते. पण त्यांचे म्हणणे असे, की जी भाषा वापरणार नाही ती वाढणार नाही, आणि वाढली नाही म्हणून वापरता येत नाही असे म्हणणे हा उलटा न्याय झाला. त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी, १६८७ मध्ये, न्यूटनने आपला ‘प्रिन्सिपिया’ लॅटिनमध्ये लिहिला. पण प्रकाशावरचा ‘ऑप्टिक्स’ हा ग्रंथ १७०४ मध्ये इंग्रजीत आणला. एकाच माणसाच्या हयातीत विज्ञान त्या व्हर्नाक्युलर भाषेत येऊन बसले. त्यानंतर इंग्रजीला कोणी व्हर्नाक्युलर म्हणेनासे झाले. विशेषण रिकामे झाले आणि जहाजात बसून आपल्याकडे आले.

आपल्याकडे ते आले ते सरकारी कागदांतून. १८३५ चे मेकॉलेचे टिपण सर्वांना ठाऊक आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. त्यापेक्षा मुंबईत १८४७ मध्ये झालेला वाद आपल्या अधिक जवळचा. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे की उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. कर्नल जर्व्हिस यांचे मत असे की ते लोकांच्या भाषेतून द्यावे. नाना शंकरशेट मंडळाचे सभासद होते. त्यांना इंग्रजी उत्तम येत होते. मुंबईत इंग्रजी शिक्षण आणण्यात त्यांचाच पुढाकार होता. तरीही ते जर्व्हिस यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता : थोड्यांना शिकवायचे असेल तर कोणतीही भाषा चालेल, सर्वांना शिकवायचे असेल तर त्यांचीच लागेल. फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे दुसरे दोन हिंदी सभासदही त्याच बाजूला होते. इंग्रज दोन्ही बाजूंना होते, हे ध्यानात ठेवावे. आपण हा इतिहास सांगताना फार सोपा करून टाकतो.

मग १८५४ चा वुडचा खलिता आला आणि त्याने तडजोड केली. वरचे शिक्षण इंग्रजीत, सर्वसामान्यांचे व्हर्नाक्युलरमध्ये. त्या क्षणी या विशेषणाचा अर्थ बदलला. तोवर ते भाषा कुठली आहे ते सांगत होते; आता ती कितव्या मजल्यावर राहते ते सांगू लागले. तळमजला मराठीचा, माडी इंग्रजीची, आणि मधल्या जिन्याचे नाव अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा.

या तळमजल्याची म्हणून एक प्रतिष्ठा होती, हेही सांगितले पाहिजे. मुंबई इलाख्यात मराठी सातवीनंतर ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही परीक्षा असे. लोक तिला नुसते ‘फायनल’ म्हणत. फायनल झालेला माणूस मास्तर होई, तलाठी होई. गावाची पत्रे वाचून दाखवी, पोथी लावी, दस्तऐवजावर साक्ष घाली. आपल्या शाळेच्या साठ वर्षांमागे अशा फायनल झालेल्या मास्तरांच्या दोन पिढ्या उभ्या आहेत. धारवाड-बेळगावकडे याच परीक्षेला ‘मुलकी’ म्हणत. मुलूख म्हणजे देश, प्रांत. मुलकी म्हणजे आपल्या मुलखातली. मला हे भाषांतर फार आवडते. लॅटिन घर, त्यातला गुलाम, इंग्रजांचा मजला, हे सगळे बाजूला ठेवून कोणा अज्ञात माणसाने त्या शब्दाला आपल्या मातीतला, सरळ ताठ उभा राहणारा पर्याय दिला.

पण विशेषणाच्या हाती एकदा काठीही आली. १४ मार्च १८७८ रोजी लॉर्ड लिटनच्या सरकारने ‘व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट’ केला. देशी भाषेतील पत्राच्या मुद्रकाकडून आणि प्रकाशकाकडून जातमुचलका घ्यावा, आक्षेपार्ह मजकूर आला तर छापखाना जप्त करावा, आणि त्यावर न्यायालयात दाद मागता येऊ नये, अशी ती योजना. इंग्रजी पत्रांना हा कायदा लागू नव्हता. तोच मजकूर इंग्रजीत छापला तर टीका, मराठीत किंवा बंगालीत छापला तर राजद्रोहाची शंका! कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने यावर उपाय केला तो प्रसिद्धच आहे, ते पत्र एका आठवड्यात संपूर्ण इंग्रजी झाले. पुण्याचा ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत निघाला तेव्हा हा कायदा अस्तित्वात होता. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत तो रद्द झाला. गंमत अशी की ‘केसरी’ काढणाऱ्या मंडळींनी त्याआधी वर्षभर पुण्यात जी शाळा काढली होती तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’. त्यांना यात विसंगती वाटली नाही, आणि मलाही वाटत नाही. मुलांना इंग्रजी द्यायचे आणि लोकांशी मराठीत बोलायचे, हा त्यांचा हिशेब स्पष्ट होता.

विद्यापीठाची कथा थोडक्यात सांगते, कारण तिच्याशी माझ्या नावापुढच्या दोन अक्षरांचा संबंध आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. पुढच्या दहा वर्षांच्या आतच देशी भाषा त्याच्या वरच्या परीक्षांतून बाहेर पडल्या. न्यायमूर्ती रानडे यांनी त्या परत आणण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, मराठी वाङ्मयाच्या वाढीचा हिशेब मांडून दाखवला. १९०१ मध्ये, ज्या वर्षी ते गेले त्या वर्षी, एम. ए.ला मराठीचा प्रवेश झाला. मराठी घेऊन एम. ए. होणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हे वर्ष आठवावे.

आता आजच्या काळाकडे येते. या शब्दाचे शेपूट तोडून मुंबईच्या महाविद्यालयांतील मुलांनी ‘व्हर्नॅक’ आणि ‘व्हर्नी’ असे शब्द केले. ज्याचे उच्चार जरा वेगळे, कपडे जरा साधे, तो ‘व्हर्नी’. येथे भाषा कोणती हा प्रश्नच उरला नाही. राहणी, चाल, डबा उघडल्यावर येणारा वास, सगळे त्या दोन अक्षरांत आले. विशेषणाचा सर्वांत हीन उपयोग मी याला म्हणते, कारण सरकारी कागदातला शब्द निदान काहीतरी वर्णन करीत होता, हा केवळ ढकलतो.

पण आपला हात स्वच्छ आहे का? मराठीतले ‘गावठी’ हे विशेषण घ्या. गावठी कोंबडी, गावठी अंडी, गावठी गुलाब म्हटले की भाव चढतो; येथे बेंगळुरूतही तुम्ही ‘नाटी’ कोंबडीला जास्त पैसे मोजता. आणि ‘गावठी भाषा’ म्हटले की भाव उतरतो. पहिलीत आलेले मूल ‘म्या जेवलो’, ‘मपलं दप्तर’ असे म्हणते तेव्हा त्याची ती व्हर्नाक्युलरच असते, व्हारोच्या अर्थाने, घरात जन्मलेली. त्यावर वर्गात हशा पिकला तर इंग्रजीने मराठीशी जे केले तेच प्रमाण मराठी त्या मुलाशी करीत असते. ज्ञानदेवांना देशी भाषेत गीतेवर लिहावेसे वाटले, नाथांच्या प्राकृत भागवताला काशीत विरोध झाला असे परंपरा सांगते. म्हणजे वरची आणि खालची भाषा हा खेळ इंग्रजांनी येथे आणला नाही. त्यांनी फक्त त्याला नवे नाव दिले आणि परीक्षा व नोकरी त्याला बांधली.

या शब्दाची दुसरी बाजूही पाहा, म्हणजे आपण त्याच्यावर अन्याय करणार नाही. वास्तुशास्त्रात ‘व्हर्नाक्युलर आर्किटेक्चर’ हा आज आदराचा शब्द आहे. आराखडा काढणारा वास्तुविशारद नाही, पण पाऊस कुठून झोडपतो हे जाणणारा गवंडी आहे. त्याने कोकणात उतरत्या कौलांचे, जांभ्या दगडाचे घर बांधले, देशावर मातीच्या धाब्याचे बांधले. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात बर्नार्ड रुडॉफ्स्की यांनी जगभरच्या अशा वास्तूंचे प्रदर्शन भरवले, तेव्हापासून या घरांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. केरळात लॉरी बेकर यांनी आयुष्यभर त्याच घरांकडून शिकून बांधकाम केले.

आणि वनस्पतिशास्त्र. झाडाचे शास्त्रीय नाव लॅटिन, आणि त्याखाली ‘व्हर्नाक्युलर नेम’ म्हणून लोकांचे नाव. कडुनिंबाचे शास्त्रीय नाव ‘अझाडिराक्टा इंडिका’. लॅटिनचा झगा घातलेले हे नाव मुळात फारसी आहे : ‘आझाद दरख्त’, स्वतंत्र वृक्ष. चिंचेचे ‘टॅमॅरिंडस’ हे अरबांच्या ‘तमर हिंदी’चे, म्हणजे हिंदी खजुराचे रूप. आझाद या शब्दाला शास्त्राचा मान मिळाला आणि कडुनिंब, बेवु, वेप्पम् ही नावे घरात जन्मलेल्या गुलामाच्या शब्दाखाली गेली. एका बाजाराचे बोलीतले नाव दुसरीकडे शास्त्र होते, एवढाच वरच्या-खालच्या नावांतला फरक!

आता जे सांगण्यासाठी आले ते सांगते. हीरक महोत्सवानिमित्त देणगीदारांसाठी एक इंग्रजी माहितीपत्रक तयार होत आहे. आपल्याच माजी विद्यार्थ्यांनी रात्री जागून, नोकरी सांभाळून ते लिहिले. त्यांचे मी मनापासून कौतुक करते. त्यात शाळेचे वर्णन ‘व्हर्नाक्युलर मीडियम स्कूल’ असे आले आहे. तो शब्द काढावा असे माझे म्हणणे आहे, आणि समितीतील दोघा-तिघांचे म्हणणे असे, की देणगी देणाऱ्या कंपन्यांना तोच शब्द समजतो, त्यात त्यांना गरज दिसते, उगाच वाद कशाला?

माझा आक्षेप गुलामाच्या कुळकथेवर नाही, हे आतापर्यंत लक्षात आले असेल. माझा आक्षेप असा, की या विशेषणाने काहीच सांगितले जात नाही. विशेषणाचे काम नामाला इतरांपासून वेगळे करणे; हे पाचवीच्या व्याकरणात आपण शिकवतो. व्हर्नाक्युलर म्हणजे कोणती भाषा? मराठी, कन्नड, तमिळ, उर्दू, कोणतीही. इंग्रजी सोडून सगळ्या एका पोत्यात. ज्या भाषेत मूल विचार करते, तिचे नावही न घेता तिच्यातल्या शिक्षणाचे वर्णन होते. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत पाहा : आरंभी चौदा, आज बावीस भाषा, आणि प्रत्येक नावाने. ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. मातृभाषा हाच तेथे शब्द. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. म्हणजे एका कागदावर अभिजात आणि आपल्याच माहितीपत्रकात व्हर्नाक्युलर, ही अवस्था आपणच आपल्यावर का आणावी? ‘मराठी मीडियम’ हे दोन शब्द कोणत्याही कंपनीला कळतात. न कळले तर विचारतील. विचारले तर सांगण्याची संधी मिळेल.

कोणी म्हणेल, शब्द बदलल्याने पहिलीचा पट वाढणार आहे का? नाही वाढणार. पट वाढेल तो चांगल्या शिक्षकाने, चालू नळाने आणि आपल्या शाळेतली मुले इंग्रजीही नीट बोलतात हे पालकांना दिसल्याने. आपण सेमी इंग्रजीचे वर्ग चालवतो, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतो, त्याची मला खंत नाही. येथे बसलेल्या बहुतेकांची मुले इंग्रजी शाळेत जातात, त्याचा जाब विचारायला मी आले नाही. दर तीन-चार वर्षांनी बदली होणाऱ्या घराला दुसरा मार्ग सोपा नसतो. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात म्हटले आहे. माझी मागणी एका ओळीपुरती आहे.

आणि ती या शहरात करताना मला संकोच वाटत नाही. १६३८ पासून बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये नावाचा कवी होता. त्याचे ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. बारा भाषांत कविता करण्याचा त्याचा लौकिक होता. संस्कृताच्या शेजारी तो मराठी, कन्नड, हिंदुस्थानी अशा भाषा मांडतो, आणि त्यांची नावे घेतो. आज या महादेवपुऱ्यात एका इमारतीच्या लिफ्टमध्ये तितक्याच भाषा ऐकू येतात. त्यांपैकी कोणालाही आपली भाषा ‘व्हर्नाक्युलर’ आहे असे सांगून ओळख करून देता येणार नाही.

माहितीपत्रकाचा मसुदा समितीपुढे येत्या रविवारी आहे. निर्णय बहुमताने होईल आणि तो मी मानीन. तोपर्यंत आणखी एक काम आहे. शाळेच्या आवारातील झाडांना आम्ही पाट्या लावतो आहोत. प्रत्येक पाटीवर वर शास्त्रीय नाव, खाली मराठी नाव. तुमची मुले मे महिन्यात गावी येतात, शाळेच्या मैदानावर खेळतात, आणि त्यांना येथील शाळेत शिकलेले कन्नड वाचता येते. तेव्हा तिसरी ओळ कन्नडची असावी असे वाटते. कडुनिंब, चिंच, आंबा, वड आणि पिंपळ यांची कन्नड नावे मिळाली आहेत. करंज, शिरीष, भोकर आणि बहावा यांची हवी आहेत. यादी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. चहा घेऊन निघण्यापूर्वी ज्यांना माहीत असतील त्यांनी, किंवा त्यांच्या मुलांनी, ती कन्नड अक्षरांत लिहून द्यावीत.